अरबी अक्षरांचे बळ: बेरजेआधी मोजणी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अरबी अक्षरांचे उच्चारबळ गणिताने मोजता येते का, या विषयावर आपल्या रविवारच्या पुरवणीत लेख आला आणि त्यावर दोन वाचकपत्रेही प्रसिद्ध झाली. एका पत्रलेखकाचे म्हणणे असे की, वर्णांचे शास्त्र फक्त आपल्या वर्णमालेत आहे. अरबीत नुसती अलिफ-बे-ते अशी रांग आहे, तिथे मोजण्यासारखे काही नाही. दुसऱ्यांनी लेखातले आकडे घेऊन थेट ईश्वरी संकेतापर्यंत मजल मारली. मोजले काय जाते आहे, हे मात्र दोघांनीही पाहिलेले नाही. म्हणून हे पत्र. ते लांबले आहे, पण विषय थोडक्यात उरकला तर गैरसमज वाढतील.

मी कनिष्ठ महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाले. माहेर रत्नागिरीकडचे, राहते कोंढव्यात. संध्याकाळी आसपासच्या मुली माझ्याकडे क़ुरआनचे पठण शिकायला येतात, म्हणजे तजवीद. कोणते अक्षर तोंडात कुठून निघते आणि कसे निघते, याचे हे शास्त्र. एक विनंती आधीच करते: या पत्रातले नुक्ते, म्हणजे अक्षरांखालची टिंबे, मुद्रितशोधनात गाळू नयेत. क़ाफ़ आणि काफ़ ही दोन वेगळी अक्षरे आहेत. नुक्ता गेला की क़ल्ब म्हणजे हृदय, त्याचे कल्ब म्हणजे कुत्रा होते, आणि पत्राचा मुद्दाच नाहीसा होतो.

'नुसती रांग' या आक्षेपाचे उत्तर बाराशे वर्षांपूर्वीचे आहे. बसऱ्याचे ख़लील इब्न अहमद (इ.स. ७१८ ते ७८६) यांनी अरबीचा पहिला मोठा शब्दकोश रचला तो अलिफ-बे-तेच्या क्रमाने नव्हे. घशातून निघणारे ऐन पहिले, मग जिभेची, मग ओठांची अक्षरे, असा त्यांचा क्रम होता. कंठापासून ओठापर्यंत जाणारी वाट मराठी वाचकाला अनोळखी वाटू नये. यात कोणी कोणाकडून काय घेतले, यावर विद्वान वाद घालतात. मला त्यात पडायचे नाही. त्यांचे शिष्य सीबवैह यांनी २९ अक्षरे आणि त्यांची १६ उच्चारस्थाने नोंदवली. आणि ख़लीलांच्या पद्धतीत गणित अगदी उघड आहे. २८ अक्षरांतून एकही पुन्हा न घेता दोन अक्षरांची धातुरूपे ७५६ होतात, तिनाची १९,६५६, चाराची ४,९१,४००, पाचाची १,१७,९३,६००. एकूण १,२३,०५,४१२. हीच संख्या अरबी परंपरेत ख़लीलांच्या नावावर सांगितली जाते. अकरावी-बारावीला क्रमपरिवर्तने शिकवताना मी फळ्यावर हे उदाहरण घालत असे. पुढे नवव्या शतकात अल-किंदी यांनी गुप्तलिपी उलगडण्यासाठी मजकुरातली अक्षरे किती वेळा येतात ते मोजायला सांगितले. तेव्हा अरबी अक्षरे मोजणे ही काही आजची टूम नव्हे.

आता बळाकडे येते. तजवीदमध्ये प्रत्येक अक्षराला सिफ़ात असतात, म्हणजे गुणधर्म. त्यातले मुख्य जोडीने येतात, एक बळकट आणि एक दुर्बळ. पहिली जोडी श्वासाची. अक्षर उच्चारताना श्वास वाहत राहिला तर हम्स, अडला तर जहर. हम्सची अक्षरे दहा, बाकी सगळी जहरची. दुसरी जोडी आवाजाची. 'अब्' म्हणून थांबा, आवाज जागीच कोंडतो. ही शिद्दत, तिची अक्षरे आठ. 'अस्' म्हणून थांबा, दम संपेपर्यंत आवाज चालू ठेवता येतो, ही रख़ावत. मध्ये पाच अक्षरे आहेत, लाम-नून-ऐन-मीम-रे, त्यांत आवाज ना पुरता कोंडतो ना पुरता वाहतो. तिसरी जोडी जिभेच्या मागच्या भागाची: तो वर उचलला तर इस्तिअला (सात अक्षरे), खाली राहिला तर इस्तिफ़ाल. चौथी तिच्याच पुढची पायरी: जीभ टाळूला जवळजवळ भिडली तर इत्बाक़, आणि ही अक्षरे फक्त चार: स्वाद, ज़्वाद, तोय, ज़ोय. नाहीतर इन्फ़िताह. याशिवाय काही सुटे गुण आहेत. क़ाफ़, तोय, बे, जीम, दाल ही पाच अक्षरे स्वरहीन आली की उसळतात, तो क़लक़ला. स्वाद, ज़े, सीन यांची शीळ म्हणजे सफ़ीर. ज़्वाद जिभेच्या कडेने लांबत जाते, ती इस्तितालत.

ज्याच्यात बळकट गुण जास्त ते अक्षर बळकट, हा विचार कैरवानमध्ये जन्मलेले आणि कॉर्डोबात १०४५ साली निवर्तलेले तजवीदचे आचार्य मक्की इब्न अबी तालिब यांनी स्पष्ट मांडला आहे. त्यांच्या मते सर्वांत बळकट अक्षर तोय. इथे गणिताला वाट मिळते: बळकट गुणाला (जहर, शिद्दत, इस्तिअला, इत्बाक़ आणि सुटे गुण) अधिक १, दुर्बळाला उणे १, मधल्याला शून्य, आणि करा बेरीज. आपल्या पुरवणीतल्या लेखात हेच केले होते. तोय अधिक ५, दुसरे कोणतेही अक्षर तिथवर पोहोचत नाही. क़ाफ़ अधिक ३, ज़्वादही अधिक ३. दाल अधिक १. दुसऱ्या टोकाला छोटी हे, बडी हे, से आणि फ़े, चारही उणे ४.

अडचण इथूनच सुरू होते. परंपरा म्हणते, सर्वांत दुर्बळ अक्षर छोटी हे. बेरजेत चौघे एका पायरीवर आहेत. मग कोणी म्हणेल, एक जोडी राहिली ना! बरोबर आहे. इज़्लाक़ आणि इस्मात अशी पाचवी जोडी इब्नुल जज़री (१३५० ते १४२९) यांच्या यादीत आहे, आणि काही जण इस्मातला बळकट धरतात. ती जोडी बेरजेत घेतली की फ़े उणे ५ होते, बाकी तिघे उणे ३ वर येतात, आणि सर्वांत दुर्बळ ठरते फ़े. छोटी हेचा मान गेला! एका जोडीच्या येण्याजाण्याने तळ बदलत असेल, तर त्या जोडीचा मोजण्याशी संबंध काय, हे विचारायलाच हवे. मूळ निरीक्षण ख़लीलांचे आहे: चार किंवा पाच व्यंजनांच्या अस्सल अरबी धातूत फ़े, रे, मीम, नून, लाम, बे या इज़्लाक़च्या सहा अक्षरांपैकी निदान एक असतेच, क्वचित अपवाद सोडून. हा शब्दांच्या घडणीचा नियम झाला. कोशातली गणती ती, जिभेवरचे बळ नव्हे. म्हणून मी ही जोडी बाहेर ठेवते, आणि अनेक जुन्या आचार्यांनीही तिला बळाच्या हिशेबात धरलेले नाही.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. क़ाफ़ आणि ज़्वाद यांची बेरीज सारखी, अधिक ३. पण सारखी का? प्रत्येक गुणाला आपण एकच वजन दिले म्हणून. इत्बाक़ला दुप्पट वजन दिले की ज़्वाद ४ आणि क़ाफ़ २. शिद्दतला दुप्पट दिले की क़ाफ़ ४ आणि ज़्वाद २. वजने कोणी ठरवली, कशावरून ठरवली, हे न सांगता छापलेला क्रम म्हणजे संख्याशास्त्राच्या दृष्टीने केवळ मत. वर्गात असा तक्ता एखाद्या मुलाने आणला असता तर मी तो परत पाठवला असता.

मात्र काही क्रम असे आहेत की त्यांना वजने लागतच नाहीत, आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत सुंदर भाग हाच. जिभेच्या शेंड्यापाशी तीन-तीन अक्षरांची तीन घराणी आहेत. एक तोय, दाल, ते. दुसरे ज़ोय, ज़ाल, से. तिसरे स्वाद, ज़े, सीन. पहिले घ्या. दालजवळ आहे ते सगळे तोयजवळ आहे, वर इस्तिअला आणि इत्बाक़. तेजवळ आहे ते सगळे दालजवळ आहे, वर जहर आणि क़लक़ला. म्हणजे कोणत्याही गुणाला कितीही वजन द्या, शून्याहून जास्त असले की पुरे: तोय, मग दाल, मग ते, हा क्रम हलत नाही. दुसऱ्या घराण्यातही ज़ोय, ज़ाल, से अशी सरळ उतरंड लागते. तिसऱ्यात मात्र अडते. सीन सर्वांत खाली हे नक्की. पण स्वादकडे इत्बाक़ आहे आणि जहर नाही. ज़ेकडे जहर आहे आणि इत्बाक़ नाही. यांच्यात कोण मोठे, हे वजनांशिवाय सांगता येत नाही. गणितात याला आंशिक क्रम म्हणतात. जिथे क्रम आपोआप लागतो तिथे छातीठोकपणे सांगावे, जिथे लागत नाही तिथे थांबावे. लेखात सगळ्या अक्षरांना पहिला-दुसरा-तिसरा असे नंबर दिले होते, ते टाळायला हवे होते.

हा क्रम केवळ कागदावरचा नाही, पठणात तो कानाला ऐकू येतो. क़ुरआनच्या तिसऱ्या सूरेत, म्हणजे अध्यायात, 'क़ालत' पुढे 'ताइफ़ा' येते. पहिल्या शब्दाच्या शेवटी ते, दुसऱ्याच्या आरंभी तोय. वाचताना ते पूर्ण विरघळते आणि तोयचे द्वित्त ऐकू येते. पाचव्या सूरेत 'बसत्त' या शब्दात उलटा प्रसंग आहे: आधी तोय, मग ते. इथे तोयचा क़लक़ला जातो, पण जाडपणा जात नाही. ती पुरती विरघळायला तयार नसते. दुर्बळ बळकटात पूर्ण मिसळते, बळकट दुर्बळात अर्धेच. मुलींना हे समजावताना मी नियम आधी सांगत नाही. दोन्ही शब्द म्हणायला लावते आणि जिभेचा मागचा भाग कुठे आहे ते विचारते. नियम त्याच सांगतात.

आणि इथूनच वजने काढण्याचा प्रामाणिक मार्ग दिसतो. ती आपण ठरवायची नाहीत, भाषेला विचारायची. इदग़ामचा (एक अक्षर दुसऱ्यात विरघळण्याचा) प्रत्येक प्रसंग म्हणजे दोन अक्षरांची कुस्ती, आणि निकाल परंपरेने नोंदवलेला आहे. बसऱ्याचेच अबू अम्र यांच्या पठणपरंपरेत तर मोठा इदग़ाम म्हणून असे पुष्कळ प्रसंग आहेत. कोणी कोणाला चीत केले, एवढ्याच माहितीवरून मल्लांचे बळ अंदाजण्याची रीत संख्याशास्त्रात आहे. ब्रॅडली आणि टेरी यांनी १९५२ मध्ये ती मांडली. तीत अक्षरांऐवजी गुण ठेवले की इत्बाक़चे वजन किती, शिद्दतचे किती, हे आकडे बाहेर येतील, त्रुटीच्या मर्यादेसह. आवडीनिवडीला जागा उरणार नाही. हे काम पदव्युत्तर प्रकल्पाच्या आवाक्यातले आहे.

बळ म्हणजे आवाजाचा मोठेपणा, अशी समजूत मात्र कोणी करून घेऊ नये. लेखात डेसिबलचा उल्लेख आहे म्हणून लिहिते. हार्वी फ्लेचर यांनी इंग्रजी ध्वनींची सापेक्ष शक्ती मोजली होती. त्यांच्या तक्त्यात सर्वांत क्षीण ध्वनी अरबी 'से'चाच जुळा आहे. तो १ धरला तर सर्वांत जोरकस स्वर ६८० भरतो, म्हणजे सुमारे २८ डेसिबलचे अंतर. पण त्याच तक्त्यात 'श' ८० आणि 'ब', 'द' दोन्ही ७. तजवीदच्या हिशेबात बे आणि दाल शीनपेक्षा बळकट आहेत! तेव्हा तजवीदमधले बळ म्हणजे अडवणुकीचे बळ: श्वास किती रोखला, आवाज किती कोंडला, जीभ किती उचलली. माइकची सुई ते सांगत नाही.

मग ते यंत्राने मोजायचे कसे? माझ्या घरी एक साधा लॅपटॉप आहे आणि त्यात अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठात तयार झालेली प्रात नावाची मोफत प्रणाली. आठवीतल्या एका मुलीला मी दोन शब्द म्हणायला लावले: तेने सुरू होणारा तीन म्हणजे अंजीर, आणि तोयने सुरू होणारा तीन म्हणजे चिखलमाती. पडद्यावर काळ आडवा आणि कंपनसंख्या उभी. तोयच्या शब्दात 'ई'च्या आरंभी दुसऱ्या अनुनादाची (तोंडाच्या पोकळीतल्या घुमण्याची) काळी पट्टी खाली दबलेली दिसते आणि मग वर चढते. तेच्या शब्दात ती सुरुवातीपासूनच वर असते. 'आ'कार जोडून म्हणवले की फरक आणखी स्पष्ट होतो, पट्टी शेकडो हर्ट्झने खाली येते. हाच इत्बाक़, डोळ्यांना दिसणारा आणि आकड्यात लिहिता येणारा. ती मुलगी पडद्याजवळ सरकली आणि म्हणाली, 'आपा, माझी जीभ दिसतेय.'

पण त्याच चित्रात एक गोष्ट खटकली आणि तिने मला बराच काळ विचारात पाडले. जुन्या यादीत तोय जहरची आहे. जहर म्हणजे आपला घोष, असे सर्रास सांगितले जाते. मग तोयच्या अडथळ्याच्या काळात स्वरतंतूंचे कंपन दिसायला हवे, दालमध्ये दिसते तसे. ते दिसत नाही. आजचे नामांकित क़ारी, म्हणजे पठणकार, ऐकले तरी तोय आणि क़ाफ़ दोन्ही अघोषच उच्चारले जातात. सीबवैह यांनी लिहून ठेवले आहे की, इत्बाक़ नसता तर तोयची दाल झाली असती. आज इत्बाक़ काढला तर तिची ते होईल. म्हणून कित्येक संशोधक म्हणतात, उच्चार बदलला. असेलही. पण व्याख्या पुन्हा वाचा: जहर म्हणजे श्वास अडणे. स्वरतंतूंचा त्यात उल्लेखच नाही. अरबांची ते किंचित श्वास सोडत उच्चारली जाते, आपल्या 'थ'कडे झुकणारी, आणि म्हणून ती हम्स. तोयमध्ये तो श्वास सुटत नाही, म्हणून ती आजही जहर. दालमध्येही सुटत नाही, तीही जहर. याचा अर्थ, आपल्याकडे ज्या दोन वेगळ्या जोड्या आहेत, घोष-अघोष आणि अल्पप्राण-महाप्राण, त्या दोन्ही हम्स-जहर या एका जोडीत एकवटल्या आहेत.

हे मराठी कानाला जितके चटकन कळेल तितके क्वचितच कोणाला कळेल. त, थ, द, ध हे चौघे आपण बालवाडीपासून वेगळे ओळखतो. १९६४ मध्ये लिस्कर आणि अ‍ॅब्रमसन यांनी स्फोट आणि स्वरतंतूंचे कंपन यांच्यातला काळ मोजण्याची पद्धत मांडली, तेव्हा घेतलेल्या ११ भाषांमध्ये मराठी होती. ती मोजपट्टी मिलिसेकंदांची आहे. कंपन स्फोटाआधी सुरू झाले तर उणे, नंतर तर अधिक. दाल, तोय आणि ते तिच्यावर ठेवल्या की त्या तीन वेगळ्या जागी बसतील, हो किंवा नाही अशा दोन खणांत नाही. बेरजेतला जहरचा अधिक १ त्या क्षणी अपुरा पडतो.

आणि याचा थेट उपयोग आहे. कोंढव्यातल्या मुली ते म्हणताना मराठीतला 'त' म्हणतात, कोरडा, श्वास न सुटणारा. त्यांची ते असावी त्यापेक्षा बळकट होते आणि तोयपासूनचे अंतर कमी होते. मग त्या तोय वेगळी दाखवण्यासाठी ओठ गोल करतात. मी वर्षानुवर्षे फक्त तोय सुधारत बसणारे वर्ग पाहिले आहेत. सुधारायला हवी असते ते. तळहात तोंडासमोर धरा, श्वास लागला पाहिजे, एवढे सांगितले की बहुतेकींची तोयही आपोआप जागेवर येते.

ईश्वरी संकेतवाल्या पत्रलेखकांना आता उत्तर देते. त्यांनी दिलेले उदाहरण खरे आहे. सूरे फ़लक़च्या पाचही आयती (वचने) क़लक़लाच्या अक्षरावर थांबतात: फ़लक़, ख़लक़, वक़ब, उक़द, हसद. बेरीज ३, ३, १, १, १. लगेच पुढची सूरे नास, तिच्या सहाही आयती सीनवर थांबतात, प्रत्येकी उणे ३. एकीत प्रत्येक थांब्यावर ठोका बसतो, दुसरीत कुजबुज सरपटत जाते. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, माझ्याही येतो. पण अंत्ययमक आहे म्हटल्यावर शेवटची अक्षरे सारखी येणारच. सहा वेळा सीन आले ही सहा स्वतंत्र निरीक्षणे नव्हेत. त्यावरून संभाव्यता काढून 'कोट्यवधीत एक' असे लिहिणे चुकीचे आहे. माझी श्रद्धा या आकड्यांवर टेकलेली नाही आणि तिला त्यांची गरजही नाही.

अरबी व्याकरणकार इब्न जिन्नी (मृत्यू १००२) यांचे उदाहरण मी अशा वेळी देते. काकडी-कलिंगडासारखे ओलसर खाण्याला अरबीत ख़ज़्म, आणि कोरडे कडक खाण्याला क़ज़्म. फरक एका अक्षराचा: ख़े उणे २, क़ाफ़ अधिक ३. आकडे अर्थाला साथ देतात. पण एका जोडीवरून नियम होत नाही. कोशातल्या एका अक्षराने वेगळ्या होणाऱ्या सगळ्या जोड्या काढा, अक्षरांचे आकडे ठाऊक नसलेल्या माणसाकडून अर्थ 'कडक की मऊ' ते ठरवून घ्या, आणि मग किती वेळा साथ मिळते ते पाहा. तोवर हे एक देखणे निरीक्षण आहे.

आकड्यांचा असा उतावळा वापर आता मुलांपर्यंत पोहोचला आहे, म्हणून मी इतके पोटतिडकीने लिहिते आहे. शहरातल्या एका पठणस्पर्धेत मोबाइलवरच्या प्रणालीने गुण दिले गेले. माझ्या एका विद्यार्थिनीच्या प्रमाणपत्रावर 'अक्षरबळ ८७.५ टक्के' असे छापून आले. कशाचे टक्के? वजने कोणती? कोणाच्या आवाजाशी तुलना? आयोजकांना विचारले, त्यांच्याकडे उत्तर नव्हते. बायका आणि मुलांच्या आवाजाचे अनुनाद पुरुषांपेक्षा मुळातच वर असतात, कारण घसा आणि तोंड यांची पोकळी आखूड असते. पुरुष क़ारीच्या आवाजावर बेतलेली मोजणी बारा वर्षांच्या मुलीचा इत्बाक़ कमीच दाखवणार. प्रत्येकीची तोय तिच्याच तेशी ताडून पाहायला हवी. जोडीने तुलना करा, हा संख्याशास्त्राचा अगदी पहिला धडा. ती मुलगी तेव्हापासून ज़्वाद म्हणताना आवाज चढवते, टक्के वाढतील म्हणून.

पुण्यात हे काम नीट व्हावे असे मला फार वाटते, आणि त्याला कारण आहे. डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राचा विभाग आहे; सी. आर. शंकरन यांनी तिथेच प्रायोगिक ध्वनिशास्त्राचे काम उभे केले. १९१७ पासूनची भांडारकर संस्था इथे आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेले सी-डॅक इथे आहे आणि भारतीय लिप्यांबरोबर अरबी-फारसी वळणाच्या लिप्यांवरही त्याने काम केले आहे. वेदपाठशाळा आहेत, मदरसे आहेत. दोन्हीकडे लहान मुले वर्षानुवर्षे एकेक अक्षर घासून घेतात. माझ्या स्टाफरूममधल्या संस्कृतच्या बाईंनी मला तैत्तिरीय उपनिषदातली शीक्षावल्ली दाखवली होती. वर्ण, स्वर, मात्रा, बल, साम, संतान, अशी शिक्षेची, म्हणजे उच्चारशास्त्राची, सहा अंगे तिथे मोजली आहेत. बल! भाष्यकार त्याचा अर्थ प्रयत्न असा करतात. आम्ही दोघी डबा खाऊन झाल्यावर हम्स आणि महाप्राण यांवर बोलत बसायचो, घंटा होईपर्यंत. त्यांना इस्तिअला ही कल्पना नवी होती, कारण संस्कृतात जिभेचा मागचा भाग उचलून एकाच स्थानाचे दोन वर्ण करण्याची गरजच पडली नाही. मला घोष आणि प्राण यांची फारकत नवी होती. तोयच्या चित्राचे कोडे मला उलगडले ते त्या गप्पांमुळे.

म्हणून आपल्या वृत्तपत्रामार्फत या संस्थांना माझी विनंती आहे. निदान तीस पठणकर्ते घ्या, निम्मे क़ारी आणि निम्मे वैदिक, त्यांत स्त्रिया आणि मुली हव्यातच. एकच खोली, एकच माइक. वर सांगितलेली तीन घराणी आधी ध्वनिमुद्रित करा, प्रत्येक अक्षर आ, ई, ऊ या तिन्ही स्वरांसह आणि स्वरहीनही. श्वास सुटण्याचा काळ, दुसऱ्या अनुनादाची घट आणि क़लक़लाच्या उसळीची लांबी, एवढी तीन मापे पुरेत. वैदिकांकडून त, थ, द, ध घ्या, म्हणजे घोष आणि प्राण यांचे अक्ष आधी ठरतील आणि अरबी अक्षरे त्यांवर कुठे पडतात ते दिसेल. ध्वनिमुद्रणे कोणालाही ऐकता आणि तपासता येतील अशी खुली ठेवा.

ज़्वाद मात्र शेवटी घ्या. ती जिभेच्या कडेने निघते असे जुन्या ग्रंथांत वर्णन आहे. आज कुठे ती जाड द होते, कुठे ज़, आणि सूरे फ़ातिहाचा शेवटचा शब्द कसा म्हणायचा यावरून आपल्या देशातल्या मशिदींमध्ये वाद झालेले आहेत. त्या वादात यंत्राला पंच करू नये. मोजणी कोणत्या जागी काय घडते ते सांगेल. कोणते पठण मान्य, हे ठरवणे उस्तादांचे काम आहे.

मी केलेले गुणांचे तक्ते, आंशिक क्रमाची आकृती आणि इदग़ामच्या प्रसंगांची यादी तयार आहे. ज्या विभागाला हवी असेल त्यांनी आपल्या कार्यालयात कळवावे, मी प्रती आणून देईन. आणि पुरवणीत तो तक्ता पुन्हा छापायचा झाला, तर स्वाद आणि ज़े यांच्या पुढचे क्रमांक काढून टाकावेत, ही विनंती.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त संख्याशास्त्र शिक्षिका,
कोंढवा, पुणे